तयार कान

आवाज ओळखायला कान तयार लागतो, आणि असा कान अख्ख्या आखाडा बाळापुरात आपला एकट्याचाच, याबद्दल वैजनाथला तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे घरचं होम थिएटर मुकं झालं तेव्हा त्याने लांबूनच निदान केलं, आवाजाचा डबा, म्हणजे रिसीव्हर गेला. नवा घ्यायचा तर दारातला बोकड विकून येतील तेवढ्या पैशात बसेल असाच घ्यावा लागणार होता. मग महिनाभर जेवताना, शेळ्या चारताना, कानात इअरफोन खुपसून तो स्वस्तातल्या रिसीव्हरांचे व्हिडिओ ऐकत राहिला. बायको, पुनम, मधूनच काहीतरी बोलायची. तो मान हलवायचा.

शेवटी बोकड बाजारात गेला. हिंगोलीच्या दुकानदाराने खोकं बांधताना सहज विचारलं, "वायरी बघितल्या ना भाऊ?"

"मला काहून शिकवून राहिले? आवाजातलं कळतं मला," वैजनाथ म्हणाला.

घरी आल्यावर नवा रिसीव्हर जोडला. निळा दिवा लागला, आवाज काही आला नाही. वैजनाथने पुन्हा इअरफोन घातले आणि जोडणीचा व्हिडिओ लावून बसला.

पुनमने शोकेसमागून कुरतडलेली वायर ओढून त्याच्या नाकासमोर धरली. "अवो, महिन्यापासून सांगून राहिले तुमाला. जुना डबा चांगला हाय, वायर त्या बोकडानं खाल्ली."

वैजनाथने एका कानातला इअरफोन काढला.

"काय म्हणलीस?"