दुसरी पाहणी

वस्तीत संशोधनाला आलेल्या नमिता मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हे संशोधन तुमच्यावर नाही, तुमच्यासोबत करायचंय. इथे आपण सगळ्या सारख्या."

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाची पाहणी मग आम्ही बायकांनीच केली. एकाही दाराला आतून कडी नव्हती. एक आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरायचं, इतकी वर्षं हेच. शेवटी रविवारी आम्हीच कड्या बसवल्या.

सोमवारी मॅडम वैतागल्या. "कमलताई, दुसरी पाहणी व्हायचीय ना अजून! तोवर कड्या काढून ठेवा, नाहीतर दोन्ही पाहण्यांचे आकडे जुळणार नाहीत, अहवाल बिघडेल."

माझं डोकंच फिरलं. एका दाराची कडी उचकटली, टमरेल भरलं आणि मॅडमच्या हातात दिलं.



"सगळ्या सारख्या ना? मग आधी तुम्ही जा. दार कोणी धरणार नाही."