बोटभर कमी

काळेवाडीचा सुतार बुद्धभूषण त्या दुपारी तळेगावात निवेदिताताईंच्या बंगल्याच्या तळघरात होता. ताईंना तिथं शिकवणी सुरू करायची होती. खिडकीभोवती लाकडी पट्ट्या ठोकायचं तेवढं काम उरलं होतं. खिडकी लहानशी, कवेत मावेल एवढी.

वरची पट्टी त्याने मापून कापली आणि लावून पाहिली. ती बोटभर कमी पडली.

आपलंच चुकलं, असं समजून त्याने पुन्हा माप घेतलं. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा लांब निघाली, तरी वीतभर कमी पडली.

त्याने ताईंना खाली बोलावलं. "जरा टेपचं टोक धरता का? माझं माप चुकतंय."

ताई हसत डाव्या कोपऱ्याशी टोक धरून उभ्या राहिल्या. तो टेपची डबी घेऊन उजव्या कोपऱ्याशी गेला. टेप आपोआप डबीतून बाहेर सरकू लागली.

"ओढू नका, ताई."

"मी कुठं ओढतेय? तुम्हीच मागं चाललाय, दादा."

बुद्धभूषण जागचा हलला नव्हता. त्याची पाठ बाजूच्या भिंतीला टेकलेली होती.

समोर नुसती काच लांबत गेली होती. ताई तिच्या पार त्या टोकाला इवल्याशा दिसत होत्या. एवढी लांब ती खोली कधीच नव्हती.

"दादा, सोडू नका!" त्या ओरडल्या, पण आवाज माळापलीकडून यावा तसा आला.

टेप संपली. डबी दोन्ही हातांनी आवळून, पाय रोवून तो उभा राहिला.

आणि टेप एकदम सैल पडली.