एका कान्याचा फरक

टिपणबाईंनी फाइलमधले दोन कागद पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहिले. एकावर 'मी शपथ घेतो की', दुसऱ्यावर 'मी शपथ घेते की'. बाकी अक्षर न् अक्षर सारखं, फरक एका कान्याचा. देशाच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसणार हे समितीने ठरवल्यावर त्या माणसाने शपथ आधी समितीसमोर वाचून दाखवायची, अशी जुनी रीत होती. म्हणून उमेदवारांत बाई असली की कागद दोन. असा दुसरा कागद याआधी एकदाच टाइप झाला होता, तीस वर्षांपूर्वी, आणि तोही टिपणबाईंनीच केला होता.

लांब टेबलाभोवती सातजण बसले होते. बैठकीची टिपणं घ्यायला टिपणबाई नेहमीसारख्या कोपऱ्यात, वही मांडीवर. बाहेरच्या खोलीत दोघे उमेदवार मधली खुर्ची रिकामी ठेवून बसले होते.

"इंजिनिअरला सभागृहात तीनच वर्षं झालीत," मिशीवाले सभासद म्हणाले. "पण गडी तयारीचा आहे. शिकेल."

"वकीलबाईंना अठरा झाली," समोरचे म्हणाले. "तीन खाती सांभाळलीत."

"तेच ना. सगळं माहीत असतं त्यांना. कुणाचं ऐकायची सवयच राहिली नाही."

टिपणबाईंची पेन्सिल चालत होती. तीस वर्षांपूर्वी याच टेबलावर मास्तरीणबाईंचं नाव आलं होतं, तेव्हा अनुभव कमी पडला होता. आज तो उतू चालला होता. नेमका किती लागतो हे एकदा कुणीतरी सांगून टाकलं असतं, तर बायकांनी तेवढाच मोजून आणला असता.

हात वर झाले. तीन इकडे, तीन तिकडे. अध्यक्षांनी हात वर केला नव्हता. ते खुर्चीत मागे रेलले आणि कोपऱ्याकडे वळून हसले.

"टिपणबाई, आता तुम्हीच सांगा. बाईला जमेल का हे? मागे काय फर्मास बोलला होतात."

पेन्सिल थांबली. ते वाक्य आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात नसेल, असं त्यांना वाटत होतं. तेव्हाही मतं अशीच अडली होती. तेव्हाच्या अध्यक्षांनी असंच गमतीने विचारलं होतं, आणि नोकरीत नव्या, साहेबलोकांना हसवायची संधी मिळाली म्हणून हुरळलेल्या टिपणबाई पटकन म्हणून गेल्या होत्या, "घरी पाहुणे आले तर देश कोण बघणार, साहेब?" सगळे पोट धरधरून हसले होते. आजचे अध्यक्ष तेव्हा सगळ्यात तरुण सभासद, त्यांचं हसणं सगळ्यात मोठं. त्या हशातच मतं फिरली.

मग सगळे गेल्यावर मास्तरीणबाई आत आल्या होत्या. "माझा कागद दाखवता का?" उभ्यानेच त्यांनी तो हलक्या आवाजात वाचला. 'घे'पाशी जरा थांबल्या, मग पुढे वाचलं. "छान टाइप केलंयत," एवढं म्हणून कागद परत केला आणि गेल्या. पाहुण्यांचं वाक्य त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, हे विचारायचा टिपणबाईंना धीर झाला नाही. पुढे मास्तरीणबाई वारल्या. आवाज मात्र गेला नाही. फायली लावताना, जिना उतरताना, घरी भांडी विसळताना तो कानाशी यायचा आणि त्याच शब्दापाशी थांबायचा.

टिपणबाई उभ्या राहिल्या. बसून बोललं असतं तरी चाललं असतं, पण त्यांना बसवेना.

"जमेल," त्या म्हणाल्या. "मास्तरीणबाईंनाही जमलं असतं. मी तेव्हा चुकीचं बोलले, साहेब."

मिशीवाले फिसकन हसले, पाठोपाठ बाकीचे.

"टिपणबाई, वय झालं तुमचं," अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले आणि त्यांनी इंजिनिअरसाठी हात वर केला. टिपणबाईंच्या एका थट्टेवर तेव्हा सगळं फिरलं होतं. आज त्या खरं बोलल्या, तर त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही.

दार उघडून नाव सांगितलं गेलं. वकीलबाईंनी पर्स उचलली आणि कागद बघायला न मागता त्या चालू लागल्या. इंजिनिअर घाम पुसत आत आले. टिपणबाईंनी 'घेतो'चा कागद दोनदा तपासून त्यांच्या हातात दिला.

"मी शपथ घेते की..."

आवाज इंजिनिअरांचाच होता, चांगला जाड.

"टिपणबाई, चुकीचा कागद दिलात," अध्यक्ष म्हणाले.

त्या पुढे झाल्या. काना जागच्या जागी होता, ठसठशीत. दुसरा कागद फाइलमध्ये तसाच.

"कागद बरोबर आहे, साहेब. 'घेतो'च आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावून स्वतः पाहिलं आणि कागद परत दिला. "होतं असं. अजून अनुभव नाही ना. वाचा पुन्हा."

इंजिनिअरांनी घसा खाकरला. पहिलीतल्या पोरासारखं त्यांनी आता शब्दांखाली बोट धरलं होतं. सातहीजण कान देऊन ऐकत होते. "मी," ते म्हणाले, "शपथ," आणि 'घे'पाशी येऊन थांबले.

ते थांबणं टिपणबाईंच्या ओळखीचं होतं.