रिकामं मशीन
मोसूलच्या त्या घरात भरदुपारी दोघं भाऊ व्हिडिओ गेमचं जुनं कपाटाएवढं मशीन उघडून बसले होते. बंद पडलेल्या पार्लरमधलं ते लाकडी धूड नव्याने जुळवायचं आणि त्यात शेकडो खेळ बसवायचे, असा बेत होता. जुना जाडजूड काचेचा स्क्रीन, वायरी, सगळं काढून झालं होतं. तेवढ्यात गल्लीत गाडी थांबली. बंदूकवाले घराघरांतून पोलिसांना उचलत होते आणि हे दोघंही पोलिसातले. "शिर आत," दुरैद म्हणाला. "आणि तू, दादा?" सिनानने विचारलं. "मी आत बसलो तर फळी बाहेरून कोण लावणार? तुझा सासरा?" धाकट्याला आत कोंबून त्याने मागची फळी स्क्रूंनी घट्ट बसवली. दार फुटलं. "आणखी कोण आहे घरात?" "कुणी नाही. एकटाच आहे." एकाने मशीनची बटणं दाबून पाहिली. "चालतं का हे?" "नाही हो. आत काहीच नाही अजून." ते दुरैदला घेऊन गेले. आई गल्लीच्या टोकाच्या तंदूरवर रोट्या तशाच टाकून धावत आली. शेजारणीने तिला एवढंच सांगितलं होतं, "तुझा एक मुलगा नेला गं. डोक्यावर पोतं होतं, कुठला ते कळलं नाही." फळीवर आतून कुणीतरी हात आपटत होतं. "कोण आहेस रे आत?" आईने विचारलं. हात थांबला. सिनानच्या तोंडून स्वतःचं नाव फुटेना. आईनेही पुन्हा विचारलं नाही. फळी उघडली की कुठला नेला ते कळणार होतं. स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून ती फळीपाशी नुसती बसून राहिली.