दांडोबाचा वॉचमन

"थांबा, हलू नका," लालासाहेब हळूच म्हणाले. "तो बगा, करवंदीच्या जाळीमागं."

चंदनबालाबाई थांबल्या. मोराने मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि सावकाश झाडीत निघून गेला. मागे एक पीस पडलं होतं. काटे चुकवत लालासाहेबांनी ते उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"पिंछीला चालंल न्हवं? आपसूक गळलंय. पाखराला तरास न्हाई."

जैन मुनिमहाराजांच्या पिंछीला, म्हणजे हातातल्या मोरपिसांच्या कुंच्याला, गळून पडलेलंच पीस लागतं, हे चंदनबालाबाईंनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या मराठा माणसाने ते ध्यानात ठेवलं होतं. चंदनबालाबाईंनी पीस पदराने पुसलं.

दोघांची ओळख सांगलीतल्या बागेतली. सकाळी फिरायला येणारी ती विधवा, ते विधुर. त्या बागेच्या वाटा पाठ झाल्या तेव्हा नदीकाठची बाग झाली, मग मिरजेची. एकदा एसटीने सागरेश्वरला जाऊन हरणं बघून आली. आज दांडोबाच्या डोंगरावरचं रान. घरी मात्र त्या जैन मंदिराचं नाव पुढे करत, "बस्तीत दर्शनाला जाते" एवढंच सांगत. देवाच्या नावाने खोटं बोलणं त्यांच्या जिवावर यायचं. तरी सांगत.

"आजी!"

वळणावरून सहा वर्षांची नात पळत आली. हातात वेफर्सचा पुडा. तिच्यामागून गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत गोमटेश, चंदनबालाबाईंचा मुलगा. हळदीचा व्यापारी. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"झालं का दर्शन, आई?"

गोमटेशने लालासाहेबांना हात जोडले.

"नमस्कार काका. आपण कोण?"

लालासाहेब पुढे झाले. ते काही बोलणार, एवढ्यात चंदनबालाबाईच बोलून गेल्या.

"हे इथले वॉचमन हायत. वाट दाखवत होते मला."

लालासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "वॉचमन."

गोमटेशला सगळं ठाऊक होतं. लालासाहेबांचं नाव, गल्ली, त्यांचा पोरगा पुण्यात कुठे कामाला आहे तेसुद्धा. माहिती काढूनच तो आज गाडी घेऊन आला होता.

"बरं झालं भेटलात," तो हसून म्हणाला. "पण काका, वॉचमन असून एवढा कचरा? पोरं खेळतात इथं. ब्राह्मी, गाडीतली ती काळी पिशवी आण बघू."

पोरगी पळत जाऊन पिशवी घेऊन आली. लालासाहेबांनी ती घेतली आणि ते वाकले. बाटल्या, कागदी डिशा, गुटख्याच्या पुड्या. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. वाकताना तो पाठीवर ताणला जात होता.

"राहू दे रं गोमटेश. वय झालंय त्यांचं."

"का? पगार घेतात की. घेता न्हवं काका?"

"घेतो."

"मग? त्या बाकाखाली पण बघा. आतल्या बाजूला."

बाकाखाली हात पोचेना. लालासाहेब गुडघ्यावर बसले, मग एक हात जमिनीला टेकून आडवे झाले आणि अर्धवट खाल्लेला, मुंग्या लागलेला वडापाव त्यांनी ओढून काढला. चंदनबालाबाई दोन पावलं पुढे गेल्या. गोमटेशने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्या तिथेच थांबल्या.

ब्राह्मीचे वेफर्स संपले होते. "वॉचमन आजोबा, हा पण घ्या."

"द्या बाळ."

"आणि आई, तुझ्या हातात काय आहे ते?"

"पीस हाय. पिंछीला."

"रानातलं काही घरी न्यायचं नसतं. यांनी सांगितलं नाही तुला?" गोमटेश लालासाहेबांकडे वळला. "काय हो काका? नियम काय आहे? सांगा की आईला."

लालासाहेबांच्या गुडघ्यांना माती लागली होती. ती त्यांनी झटकली नाही.

"न्यायचं नसतं, बाई," ते म्हणाले.

"मग घ्या त्यांच्याकडनं."

लालासाहेबांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. आतून आंबूस वास आला. चंदनबालाबाईंनी पीस आत टाकलं. ते लांब होतं, डोळा बाहेरच राहिला.

"दुमड की," गोमटेश म्हणाला.

त्यांनी ते दुमडलं. देठ मोडल्याचा बारीक आवाज झाला.

गाडीत त्या मागे बसल्या, नातीशेजारी. गोमटेशने गाडी चालू केली नाही. त्यांच्या बाजूची काच तेवढी खाली केली आणि आरशात बघत बसून राहिला.

रानाच्या गेटमधून कॉलेजची पोरं आत आली. पिशवी घेतलेला म्हातारा दिसताच त्यांतला एक ओरडला, "ओ वॉचमन, प्यायचं पाणी कुठं हाय?"

लालासाहेबांनी गाडीकडे पाहिलं. गाडी अजून तिथेच होती.

"वरल्या अंगाला टाकी हाय," ते म्हणाले.

"पाणी असतंय का तिला?"

"थांबा हितंच. बगून येतो."

आणि पिशवी तशीच हातात धरून ते चढ चढू लागले. मधे एकदा झाडाला धरून उभे राहिले, पुन्हा चढू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कामाचा माणूस आहे," गोमटेश म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली. "ब्राह्मी, आजीला सांग, टाटा कर म्हणावं."

"आजी, टाटा कर ना!"

चंदनबालाबाईंनी टाटा केलं.