हिरवं पाकीट

यंत्र रुसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवायचं, ही तैवानच्या शिंचू शहरातल्या इंजिनिअरांची रीत. जुन्याची तारीख उलटली, म्हणून फांगनं ते सकाळी फेकलं आणि हाताखालच्या लायला नवं आणायला पिटाळलं. तेवढ्यात वेग वाढवायला त्यानं यंत्रावर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या ड्रायव्हर प्रोग्राममधली एक ओळ उडवली: कॅमेऱ्याचं ताजं चित्र कॅशच्या तात्पुरत्या साठ्यातून, पडदा जिथून चित्र उचलतो त्या मेमरीत ओतणारी.

दुपारी लाय तोंड हलवत वर फांगच्या खोलीत आला. पडद्यावर खालच्या यंत्राचं डोकं बोडकंच.

“खाल्लंस ना, भुक्कडा?”

“अरे, मी दोन आणली...”

फांगच्या ठोशानं त्याचे दोन दात उडाले. कॉलर धरून, पायऱ्यांवर आपटत, फांगनं त्याला खाली फरफटत नेलं.

यंत्रावर हिरवं पाकीट होतं.



वर पडद्यावर अजून सकाळच होती.