मामाची बरणी

नाताळला भेट म्हणून द्यायला ती दरवर्षी आल्याचा मुरंबा घरीच करायची. यंदा बरण्या भरताना नवऱ्याने विचारलं, "ही मोठी कोणाला?" "माझ्या भावाला." नवऱ्याचा हात थांबला. उन्हाळ्यात भावाच्या गाडीला अपघात झाला होता. त्यात या नवरा-बायकोचा एकुलता एक मुलगा गेला, गाडी चालवणारा मामा वाचला. तेव्हापासून तो बहिणीकडे फिरकला नव्हता. मग नवऱ्यानेच बरणीचं झाकण घट्ट लावलं. ती एकटीच भावाकडे गेली. दार उघडताच त्याने मान खाली घातली. "ताई, हे कोणत्या तोंडाने घेऊ?" तिने झाकण उघडून चमचा पुढे केला. "चाखून सांग. साखर कमी पडली तर तुझा भाचा सांगायचा. आता सांगणारं कोणी नाही." त्याने तुकडा कसाबसा गिळला. "जरा तिखट आहे." "मग पुढच्या वर्षी पाक गॅसवर असतानाच ये."